मायच्या ओठांवरची बासरी

माझी माय पडद्यावर तोंड उघडते आणि तिच्या तोंडातून बासरी ऐकू येते. बासरीसुद्धा खरी नाही, की-बोर्डमधली आहे. मायचे ओठ हलतात, मान डोलते, गळ्याची शीर ताणली जाते आणि बासरी आपली भलत्याच ठिकाणी सुरू होऊन भलत्याच ठिकाणी थांबते. ज्यानं कुणी ती तिथं बसवली, त्यानं एकदा तरी या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं का, याची मला शंका आहे. पाहिलं असतं तर निदान ती श्वास घेते तिथं तरी थांबला असता.

ही मालिका आता मोबाइलवर दिसते. खाली लोक लिहितात, काय सुंदर जुने दिवस होते, किती साधी माणसं. मी ते वाचते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. साधी माणसं होती, हे मात्र खरं लिहितात. इतकी साधी की त्यांच्या तोंडातलं काढून घेतलं तरी त्यांनी आधी टीव्हीची वायर तपासली.

आमचं गाव धुळ्याजवळ, पांझरा नदीच्या काठी. मी शाळेत होते तेव्हा मुंबईची माणसं तिथं मालिका करायला आली. खेड्यात बदली होऊन आलेल्या एका नर्सबाईची गोष्ट होती. ते धुळ्याच्या लॉजवर राहायचे आणि सकाळी जीपगाड्या घेऊन गावात यायचे. एका भागात त्यांना कानबाई दाखवायची होती. खानदेशात श्रावणातल्या एका रविवारी कानबाई बसते. नारळालाच देवी करून, नथ घालून, चुनरी पांघरवून चौरंगावर मांडतात आणि सोमवारी नदीवर पोचवतात. आमच्या भाऊबंदकीत, म्हणजे एका कुळातल्या घरांत, हा नारळ थोरल्या घरच्या देवघरात असतो, आणि मांडायला आमच्या घरी आणतात, कारण आमचा ओटा मोठा. कुणीतरी या मंडळींना आमचा ओटा दाखवला आणि ते खूश झाले.

फक्त घोडं एका ठिकाणी अडलं. तेव्हा उन्हाळा होता. माझे आबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, ओट्यावर येऊन उभे राहिले आणि दिग्दर्शकाला म्हणाले, "सावन लागना नही, आनि कानबाई कशी मांडशात?"

दिग्दर्शकानं समजावून सांगितलं की ही खरी कानबाई नाही, फक्त चित्रात दिसायला. आबांना ते पटेना. देवी चित्रात दिसली तरी देवीच, असं त्यांचं म्हणणं. शेवटी तोडगा निघाला तो आबांनीच काढला. नारळ दुकानातून आणायचा, त्याला हळदकुंकू लावायचं नाही, नारळाखाली तांदूळ ठेवायचे नाहीत आणि काम झालं की सगळ्यांसमोर तो फोडून टाकायचा. तसंच झालं. मालिकेतल्या कानबाईची त्या दिवशी संध्याकाळी चटणी झाली आणि मुंबईच्या लोकांनी ती ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी मिटक्या मारत खाल्ली.

गाण्याचंही असंच. त्यांनी मुंबईहून टेपवर एक गाणं भरून आणलं होतं. गावरान म्हणून जे काही शहरात चालतं, तसलं. ते लावलं तशा आमच्या गल्लीतल्या बाया पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. दिग्दर्शकानं विचारलं, मग तुमच्यात काय म्हणतात? सगळ्यांनी मायकडे बघितलं.

आमच्या घरची रीत अशी आहे. थोरल्या घरातून निघालेली कानबाई आमच्या उंबऱ्याशी येते तेव्हा थांबते. तिथं पहिलं कडवं आमच्या घरातल्या थोरल्या बाईनं म्हणायचं, एकटीनं. दुसऱ्या कडव्यापासून बाकीच्या बाया. पहिलं कडवं झाल्याशिवाय कानबाई उंबरा ओलांडत नाही. आजी गेल्यापासून तो मान मायचा होता. गाण्यात कानबाई नदीवरून येते, उन्हानं दमते, आणि कोणाच्या दारी बसू म्हणून विचारते. घरची बाई म्हणते, विचारतेस काय, घर तुझंच आहे. एवढंच गाणं. पण मायचा आवाज जाड होता, वापरून मऊ झालेल्या घोंगडीसारखा, आणि शेवटच्या शब्दावर ती तो असा सोडून द्यायची की मला लहानपणी खरंच वाटायचं, आत्ता कुणीतरी आत आलं.

तिनं म्हटलं. एकदाच म्हटलं, दुसऱ्यांदा म्हणायला नकार दिला, आणि त्यांनी दुसऱ्यांदा मागितलंही नाही. आबाही त्या चित्रात आहेत. गाणं संपताच ते न सांगता पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, "ये वं माय, ये, घर तुन्हंच शे." खोट्या नारळाला म्हणाले. सवयीनं. दिग्दर्शकानं ते तसंच ठेवलं.

मालिका लागली तेव्हा माझ्या मामांनी पाचोऱ्याला ती व्हीसीआरवर उतरवून घेतली, बहीण टीव्हीत येणार म्हणून. ते गाणं बरंच गाजलं. जामनेरकडच्या लग्नात बाया मायला ओळखायला लागल्या. एसटीत कुणीतरी उठून तिला जागा दिली, हे ती कितीतरी दिवस सांगत होती.

मग जळगावचे एक कॅसेटवाले आमच्याकडे आले. भजनांच्या, लग्नगीतांच्या कॅसेट काढून बसस्टँडवर विकायचे. त्यांना कानबाईच्या गाण्यांची कॅसेट काढायची होती. त्यांच्याबरोबर माय जळगावला गेली, मीही गेले होते. त्यांच्या घराच्या माडीवर भिंतींना गोधड्या ठोकल्या होत्या, तोच स्टुडिओ. गाणारी बाई त्यांनी बाहेरून आणली होती. मायचा आवाज कॅसेटला चालणार नाही, फार जाड आहे, असं त्यांचं मत. माय काही रागावली नाही. दिवसभर त्या बाईसमोर बसून तिनं तिला ओळ न् ओळ शिकवली. कुठं दम घ्यायचा, कुठं आवाज सोडायचा, सगळं. ती बाई 'गानं'ला 'गाणं' म्हणायची आणि माय हसून परत सांगायची.

संध्याकाळी कॅसेटवाल्यांनी विचारलं, "अक्का, हे गाणं कोणी रचलं? कॅसेटवर काय लिहू?"

माय म्हणाली, "गानं कानबाईनं शे."

"ते ठीक, पण तुमचं नाव टाकू का? तुम्ही शिकवलं."

मायनं कान पकडले. म्हणाली, "नही भाऊ. देवीना गानाले बाईनं नाव लावतस का? तुम्हीच लिखी ल्या काय लिखनं ते."

त्यांनी लिहून घेतलं. काय लिहिलं ते आम्ही विचारलं नाही. आमच्या घरातली ही शहाणपणाची पद्धत बघा. कानबाईच्या रोटाचा, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचा, प्रसाद आम्ही भाऊबंदकीबाहेर जाऊ देत नाही. कण सांडला तरी वेचून घेतो. जावई असला तरी त्याला तो मिळत नाही. आणि तिचं गाणं मात्र जळगावच्या माडीवर एका अनोळखी माणसाला, घ्या म्हणून देऊन आलो, वर त्याच्याकडे चहा पिऊन परत आलो.

पुढं माझं लग्न झालं, मी जळगावला आले, इथल्याच एका शाळेत शिकवायला लागले. आबा गेले. वडील गेले. भाऊ आणि वहिनी गावाकडे शेती बघतात. आणि मग मायच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, जीव वाचवायचा तर आवाजाची पेटी काढावी लागेल. मायनं ऐकून घेतलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती काही खास बोलली असेल, असं लोकांना वाटतं. ती म्हणाली, वहिनीला सांग, लोणच्याच्या बरणीला उन्हं दाखवायची राहिली आहेत. तिचं ते मी ऐकलेलं शेवटचं वाक्य.

आता ती दवाखान्यासाठी बहुतेक माझ्याकडे जळगावलाच असते आणि गळ्याच्या भोकातून श्वास घेते. चुटकी वाजवली की इकडे बघ, टाळी वाजवली की नको. हातांनी बाकी सगळं सांगते आणि आम्हाला कळतं.

त्या वर्षी कानबाई आली तेव्हा मात्र सगळे गोंधळलो. माय उंबऱ्यात उभी राहिली, सवयीनं. तोंड उघडलं. सगळ्या बाया गप्प, वाट बघतायत. तिचे ओठ हलत होते आणि गळ्यावरच्या फडक्यातून नुसती हवा येत होती. पूर्ण कडवं तिनं तसं म्हटलं. मग बायांनी दुसऱ्या कडव्यापासून उचललं. वहिनीनं नंतर मला बाजूला घेऊन विचारलं की पुढच्या वर्षी मी म्हणू का? मी म्हटलं, मायला विचार. तिनं विचारलं. मायनं जोरात टाळी वाजवली. थोरली बाई जिवंत असताना पहिलं कडवं दुसरीनं म्हणत नाहीत.

म्हणून मी तिला शब्द दिला होता. मालिकेत तिचा आवाज आहे. तो आणीन, आणि पुढच्या वर्षी कानबाईला तिच्याच आवाजात घरात घेऊ. हे ऐकल्यावर मायचा चेहरा जो उजळला, तो ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा पाहिला. मालिकेच्या डीव्हीडींचा संच निघाल्याची जाहिरात नुकतीच आली होती. मी तो मागवला. वर सोनेरी अक्षरात छापलं होतं, संपूर्ण मालिका, मूळ स्वरूपात.

मायनं वेष्टन फाडू दिलं नाही. देवीसाठी आणलेली वस्तू आधी कशी उघडायची? आधी पाहून घ्यायला हवं होतं, असं आता मला सगळे सांगतात. काय पाहून घ्यायचं? बाईचा फोटो आणला तर त्यात तिला डोकं आहे का, हे कुणी दुकानातून निघताना बघतं का?

रविवारी भाऊबंदकी जमली. कानबाई थोरल्या घरातून निघायच्या आधी भावानं टीव्ही ओट्यावर आणून ठेवला, म्हणजे उंबऱ्यापाशी नीट ऐकू येईल. सगळे म्हणाले, आधी एकदा लावून बघू. तो भाग सापडला. आमचा ओटा दिसला, तरुण माय दिसली, बाया ओरडल्या, ती बघ मी, ती बघ मन्ही सासू. मायनं तोंड उघडलं आणि बासरी सुरू झाली.

"आवाज वाढाव रे," कुणीतरी म्हणालं. भावानं वाढवला. बासरी वाढली. चुलत्यांनी वायर काढून परत लावली. एकानं टीव्हीच्या डोक्यावर थापट्या मारल्या. दुसऱ्या घरचा टीव्ही आणायला माणूस धावला. थोरल्या घरची काकू, म्हणजे आबांची बायको, म्हणाली, "मशीन बिघडना का?" मशीन चांगलं होतं. बासरी अगदी स्वच्छ येत होती. मग आबा पुढं आले, हात जोडले, त्यांचे ओठ हलले, आणि तेसुद्धा काहीच बोलले नाहीत. काकू उठून आत गेली. नवऱ्याचा आवाज पुन्हा ऐकायला मिळेल म्हणून ती सकाळपासून न जेवता टीव्हीसमोर बसली होती. मालिकेत मागं ऐकू येणारी ओट्यावरच्या बायांची कुजबुज, कोंबड्याचं आरवणं, सगळं गेलं होतं.

सगळ्यात आधी कळलं ते मायला. तिनं टीव्हीकडे बघणं सोडलं आणि गळ्यावरचं फडकं नीट केलं. त्या वर्षीही तिनं उंबऱ्यात उभं राहून नुसते ओठ हलवले.

दुसऱ्या दिवसापासून मी फोन लावत सुटले. मालिका बनवणाऱ्यांच्या मुंबईच्या कार्यालयात एक गोड बोलणारी मुलगी होती. तिनं मला समजावून सांगितलं. मालिका केली तेव्हा गाण्यांची परवानगी फक्त टीव्हीवर दाखवण्यापुरती असायची. तीच मालिका डिस्कवर विकायची तर प्रत्येक गाण्याच्या मालकाकडून नवीन परवानगी घ्यावी लागते. ज्या मालकांशी जमलं नाही, ती गाणी काढून तिथं दुसरं संगीत घातलं. तुमच्या प्रसंगात गाणं आणि बोलणं एकाच ध्वनिपट्टीवर भरलेलं होतं, वेगळं करता येईना, म्हणून पूर्णच आवाज काढला. "पण मॅडम, चित्र आहे ना तसंच," ती म्हणाली.

मी विचारलं, "या गाण्याचा मालक कोण?"

तिनं मुंबईतल्या एका मोठ्या संगीत कंपनीचं नाव सांगितलं. तिच्याकडे आमचं गाणं गेलं कसं, म्हणून मी जळगावच्या कॅसेटवाल्यांना गाठलं. थकले होते, पायाला सूज होती, मुलांनी माडीवर भाडेकरू ठेवले होते. कॅसेटचा धंदा बसला तेव्हा त्यांनी होतं नव्हतं ते सगळं त्या कंपनीला देऊन टाकलं होतं, आमचं गाणंही त्यातच. गाण्यापुढं संगीतकार म्हणून त्यांचंच नाव होतं.

"तुम्ही रचलं होतं का?" मी म्हटलं. आवाज चढला होता माझा.

"नाही ताई," ते म्हणाले. "पण कुणाचं तरी नाव लिहावं लागतं. अक्कांना मी विचारलं होतं. तुम्ही तिथंच बसला होतात. त्या काय म्हणाल्या?"

भांडायला गेले होते, आणि भांडायला जागाच राहिली नाही. ते लबाड असते तर मला बरं वाटलं असतं.

मग त्या संगीत कंपनीचा फोन. तिथला गृहस्थ अत्यंत शुद्ध मराठी बोलत होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तुमच्या मातोश्रींनी त्या मालिकेत आमचं गाणं गायलं आहे."

मी म्हटलं, "अहो, मालिका आधीची आहे. कॅसेट नंतरची. तुमच्या गायिकेला माझ्या आईनं शिकवलं."

"असेल. पण नोंद आमच्याकडे आहे."

"गाणं आमच्या घरचं आहे. माझ्या आजीच्याही आधीचं."

"तसं असेल तर दावा करा. आईंच्या आवाजाचा नमुना पाठवा. त्यांना हेच गाणं म्हणायला सांगा, रेकॉर्ड करून द्या, आम्ही जुळवून बघू."

मी फोन ठेवला. समोर माय शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर करून हातानंच विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं, म्हणतात गाणं त्यांचं आहे. तिनं परत शेंगा सोलायला घेतल्या.

मामांची व्हीसीआरची कॅसेट मला तेव्हा आठवली. मामा गेल्यावर त्यांच्या सुनेनं जुनं सामान पोत्यात भरून गच्चीवर टाकलं होतं. त्यात ती मिळाली, बुरशी लागलेली. नशिराबादला लग्नाच्या जुन्या कॅसेट पेन ड्राइव्हवर करून देणारं एक दुकान आहे, तिथं दिली. काही मिळेलच असं नाही, असं तिथल्या माणसानं आधीच बजावलं. मी दुकानात बसून राहिले. बाजूला एक जोडपं आपल्या लग्नाचं घेऊन आलं होतं. बराच वेळ नुसती खरखर. मग त्या खरखरीतून माझी माय गायला लागली. मी दुकानात सगळ्यांसमोर रडले, आवाज काढून रडले. त्या जोडप्यातल्या बाईनं विचारलं, गेल्या का तुमच्या आई? मी म्हटलं, नाही हो, घरी आहे.

घरी मायला ऐकवलं. ती डोळे मिटून बसली आणि मांडीवर बोटांनी ठेका धरला. तिनं पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा लावायला सांगितलं. माझी मुलं आजीचा आवाज पहिल्यांदा कळत्या वयात ऐकत होती. धाकटी म्हणाली, आजी अशी होती? माय हसली. त्या दिवसांत आमच्या घरात जेवण, झोप, सगळ्याला ते गाणं होतं. आबांचं 'ये वं माय'सुद्धा होतं. काकूला फोनवरून ऐकवलं तर ती पलीकडून म्हणाली, "आजून एकदाव लाव." मला वाटलं, सुटलो. कंपनी गेली खड्ड्यात.

कानबाईच्या आदल्या दिवशी आम्ही गावी गेलो. भावाला इतका आनंद झाला होता की त्यानं ते गाणं इंटरनेटवर टाकलं. आमची निम्मी भाऊबंदकी कामधंद्यासाठी सुरतेला आहे, त्यांना तिथं बघता यावं म्हणून. खाली त्यानं मायचं नाव टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या गाण्याला मायचं नाव लागलं.

रविवारी सकाळी सुरतेहून फोन आला, आवाज येत नाही म्हणून. भावानं उघडून बघितलं. चित्र होतं, आवाज बंद केलेला होता आणि खाली सूचना होती. तो ती ओट्यावर उभा राहून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला लागला, चिडून, शिव्या देत. यातील गाणे अमुक कंपनीच्या मालकीचे आहे. परवानगीशिवाय वापर केल्यामुळे आवाज बंद करण्यात आला आहे. काकू म्हणाली, "बठ्ठासना आवाज लई गयात हाई." सगळ्यांचाच आवाज नेला यांनी. माय दारात उभी होती. तिनं भावाला परत वाचायला लावलं. त्यानं वाचलं. ती आत गेली.

दुपारी कानबाई निघाली. वाजंत्री आमच्या ओट्याशी येऊन थांबली. वहिनीच्या डोक्यावर चौरंग, चौरंगावर नटलेली कानबाई, मागं सगळ्या बाया. माय उंबऱ्यात, नव्या लुगड्यात. भावानं स्पीकर तयारच ठेवला होता. त्यानं बटणाकडे हात नेला आणि मायनं त्याचं मनगट धरलं.

"माय, तुन्हाच आवाज शे," भाऊ म्हणाला. "कंपनीवाला आठे येवाव नही."

तिनं मान हलवली. त्याच्या खिशातल्या मोबाइलकडे बोट केलं, मग स्पीकरकडे, मग कानबाईकडे, आणि दोन्ही हातांनी कान पकडले. ओट्यावरच्या एकूण एक माणसाला कळलं ती काय म्हणते आहे. दुसऱ्याची वस्तू, न विचारता आणलेली, देवीपुढं ठेवायची नाही.

मला राहवलं नाही. मी ओरडले, "माय, त्या कंपनीवाला खोटं बोलतस! गानं तुन्हं शे!"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही वाईट बोलले आहे. मग तिनं कानबाईकडे हात केला. माझं नाही, हिचं.

"मंग हिनं शे ना? मंग हिले ऐकू दे!"

यावर ती थांबली. खरंच थांबली. मला वाटलं, पटलं. ऊन तापलं होतं, वहिनीच्या माथ्यावर चौरंग जड होत होता, तिची मान थरथरायला लागली होती. मायनं पुन्हा मोबाइलकडे बोट केलं आणि हात पसरले. आता त्यांचं आहे, लिहिलेलं आहे. आयुष्यात तिनं कुणाच्या बांधावरची काडी उचलली नाही. तिला वाटायचं, लिहिणारेही तसेच असतात.

काकूनं हिय्या करून दुसरं कडवं धरलं. मायनं पुढं होऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. हलकेच ठेवला, पण काढला नाही. ज्यासाठी त्या कंपनीला कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या असत्या, ते माझ्या मायनं त्यांना फुकट करून दिलं. त्यानंतर ते गाणं आमच्या घरात कुणी म्हटलेलं नाही.

कुणालाच पुढं काय करायचं ते कळेना. शेवटी वहिनी स्वतःच खाली वाकली आणि उंबरा ओलांडून कानबाईला आत घेऊन आली. कुणी ये म्हटलं नाही. माय कानबाईकडे वर न बघता बाजूला सरली आणि रोटाचं पीठ मळायला आत निघून गेली.